तिन्हीसांजेला मुलांचे फोटो: फ्लॅश लावावा का, आणि लावला तर किती?

झोपाळा

माझी लेक सहा वर्षांची आहे. उन्हं उतरली की तिचं खेळणं सुरू होतं आणि रंगात येतं ते सूर्य मावळल्यावर. केस घामाने कपाळाला चिकटलेले, गुडघ्यांना माती, आणि मागे आकाश आधी केशरी, मग जांभळं, मग गडद निळं. मला तिचे याच वेळचे फोटो हवे आहेत. दुपारी सावलीत बसवून काढलेल्या फोटोत ती असते, पण खेळताना असते तशी नसते.

महिनाभर रोज प्रयत्न करतेय. फ्लॅशशिवाय काढला तर आकाश सुंदर येतं, पण लेक म्हणजे नुसता काळसर, हललेला आकार. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश उघडला की चेहरा चुना फासल्यासारखा पांढरा, डोळे लाल, आणि मागचं आकाश गायब. कालचा एक फोटो तर फार लागला मनाला. झोका पुढे आला तेव्हा तिने दोन्ही पाय ताणले होते, मान मागे टाकली होती, तोंड हसून उघडं. नेमका त्याच क्षणी फ्लॅश उडाला. फोटोत चपलांचे तळवे पांढरेफटक आलेत आणि चेहरा मागे अंधारात बुडालाय.

साधा डीएसएलआर आहे, ५० मिमीची एफ १.८ लेन्स आहे. एका नातलगांनी दिलेला वेगळा फ्लॅशही आहे, तो अजून पिशवीतून काढलेला नाही. या वेळी फ्लॅश वापरूच नये का? की मलाच तो वापरता येत नाहीये?

उघडझाप

ताई, चपलांचे तळवे जळाले आणि चेहरा बुडाला, यातच तुमचं अर्धं उत्तर आहे. समोरून झोका टिपताना पाय तुमच्यापासून दीड मीटरवर असतील आणि चेहरा अडीच मीटरवर. फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाने उतरतो. म्हणजे चेहऱ्याला जितका उजेड मिळाला त्याच्या पावणेतीनपट तळव्यांना मिळाला. तुमचा हात चुकला नाही, उभं राहायची जागा चुकली. झोक्याच्या बाजूला उभ्या राहा. झोका तुमच्यासमोरून डावीकडून उजवीकडे गेला पाहिजे, मग अंतर फारसं बदलत नाही आणि पाय-चेहरा एकाच पट्ट्यात येतात.

आता काळ्या आकाशाचं. संध्याकाळी फ्लॅश लावून काढलेला प्रत्येक फोटो म्हणजे एकावर एक बसलेले दोन फोटो असतात. एक आकाशाच्या उजेडाचा, एक फ्लॅशच्या. आकाशाच्या फोटोवर शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ तिघांचंही राज्य असतं. शटर म्हणजे पडदा सेकंदाचा कितवा भाग उघडा राहतो ते, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं ते (एफचा आकडा लहान तितकं मोठं), आणि आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते. फ्लॅशचा झोत मात्र इतका क्षणिक असतो की शटर १/६० आहे की १/२००, याने त्याला काही फरक पडत नाही. त्याच्यावर चालतं ते अ‍ॅपर्चर, आयएसओ, फ्लॅशची ताकद आणि अंतर यांचंच. म्हणजे शटर ही फक्त आकाशाची किल्ली आहे. ती फिरवा, आकाश उजळेल किंवा गडद होईल, लेकीच्या चेहऱ्यावरचा फ्लॅश जागचा हलणार नाही. हे एकदा हाताला कळलं की भीती जाते.

ऑटोमध्ये कॅमेरा काय करतो? फ्लॅश उघडलेला दिसला की शटर बऱ्याचदा १/६० च्या आसपास अडवतो आणि बाकीचं सगळं फ्लॅशवर सोपवतो. आकाशाला त्या हिशेबात जागाच नसते.

म्हणून क्रम उलटा करा. आधी आकाश, मग मूल. फ्लॅश बंद ठेवून मॅन्युअलवर (सगळे आकडे आपणच ठरवायचा मोड) आकाशाचा फोटो काढा. कॅमेऱ्यातला उजेडाचा मीटर बरोबर म्हणतो त्याहून एक स्टॉप कमी ठेवा, म्हणजे निम्मा उजेड. आकाश गडद, दाट दिसेल, लेक काळी दिसेल. दिसू द्या. मग फ्लॅश सुरू करा तो अगदी कमीत, पूर्ण ताकदीच्या १/३२ किंवा १/१६ ला, आणि चेहरा आजूबाजूच्या उजेडापेक्षा जेमतेम उठून दिसेल इतकाच चढवा. फोटो पाहणाऱ्याला फ्लॅश होता हे कळलं, तर तो जास्त झाला असं मी धरतो.

एक मर्यादा तेवढी पाळा. बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशसोबत शटर १/२०० किंवा १/२५० च्या वर नेता येत नाही. त्यापुढे शटरचे दोन पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे नसतात आणि फोटोत काळा पट्टा येतो. सूर्य मावळल्यावर त्या वेगाची गरजही पडत नाही, म्हणून हाय स्पीड सिंकच्या (त्याहून वेगवान शटरला फ्लॅश चालवायची सोय) फंदात पडू नका. त्यात फ्लॅशची बरीच ताकद फुकट जाते.

सावलीवाला

मी गेली अनेक वर्षं मुलांचे फोटो काढतोय आणि संध्याकाळी फ्लॅश लावत नाही. तत्त्व म्हणून नाही, अनुभवाने. सूर्य मावळल्यावर पश्चिमेचं अख्खं आकाश हा एक प्रचंड मोठा, मऊ दिवा असतो. त्याच्याकडे मुलाचं तोंड करा आणि तुम्ही पश्चिमेकडे पाठ करून उभे राहा. चेहऱ्यावर जो उजेड येतो तो फ्लॅशपुढे लावायच्या कुठल्याही पांढऱ्या छत्रीतून येत नाही. लोक नेमकं उलटं करतात. रंगीत आकाश पाठीमागे हवं म्हणून मुलाची पाठ पश्चिमेला करतात आणि मग चेहरा काळा आला म्हणून फ्लॅश शोधतात.

तुमच्या लेन्सला एफ २ वर आणा, आयएसओ ३२०० ला घाबरू नका. दाणेदार फोटो चालतो, हललेला फोटो चालत नाही. आणि झोका दोन्ही टोकांना क्षणभर थांबतो. खाली, मधोमध त्याचा वेग सगळ्यात जास्त, टोकाला शून्य. त्या थांबण्याची वाट पाहिलीत तर १/१२५ लाही लेक स्थिर मिळेल.

मुलांच्या बाबतीत माझी मोठी तक्रार वेगळीच आहे. फ्लॅश उडाला की मूल खेळायचं थांबतं. त्याला कळतं की आपल्याकडे कोणीतरी बघतंय. पहिल्या झोतानंतरचे सगळे फोटो त्या कळलेल्या मुलाचे असतात.

उघडझाप

सावलीवाला, पश्चिमेकडे तोंड करण्याबद्दल शंभर टक्के अनुमोदन. पहिली दहा मिनिटं मीही तेच करतो. पण ताईंना आकाश पाठीमागे हवंय, आणि ते हवंसं वाटणं चुकीचं नाही. लेक आणि तिच्यामागचं जांभळं आकाश एकाच फोटोत हवं, तर कॅमेऱ्याच्या बाजूने थोडा उजेड आणावाच लागतो. शिवाय हा उजेड फार भरभर उतरतो. स्वच्छ आकाशात सूर्य टेकतो तेव्हा जमिनीवर साधारण ४०० लक्स (उजेड मोजायचं एकक) असतात. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश गेला की तीन-चार लक्स. विषुववृत्ताच्या जवळपासच्या मुलखात हा सगळा प्रवास वीस-पंचवीस मिनिटांत संपतो, ध्रुवांकडे सरकाल तसा लांबतो. म्हणजे दर तीन-चार मिनिटांनी उजेड निम्मा. तुमच्या आयएसओ ३२०० लाही शेवटी शेवटी पुरत नाही.

खिशातला_कॅमेरा

माझ्याकडे फक्त फोन आहे. त्यात फ्लॅश सुरू केला की मुलगा भुतासारखा दिसतो, आणि नाइट मोड लावला तर मैदान लख्ख येतं पण मुलगा विरघळतो. आमच्यासारख्यांनी काय करावं?

उघडझाप

फोनचा फ्लॅश म्हणजे खरं तर छोटा एलईडी दिवा. कॅमेऱ्याच्या झेनॉन फ्लॅशसारखा तो हालचाल गोठवत नाही, कारण तो झोत नसतो, काही काळ पेटून राहणारा उजेड असतो. दीड-दोन मीटरच्या पुढे त्याचा उपयोगही नाही. नाइट मोडमध्ये फोन एकामागून एक बऱ्याच फ्रेम घेऊन त्या जुळवतो. मैदान हलत नाही म्हणून जुळतं, मुलगा हलतो म्हणून विरघळतो.

दोन्ही बंद करा. सावलीवालांचा पश्चिमेचा मंत्र तुमच्यासाठीच आहे. उजेड आणखी कमी झाला तर दुसऱ्या फोनचा टॉर्च मित्राच्या हातात द्या, त्याच्यापुढे पांढरा कागद किंवा रुमाल धरायला सांगा, आणि मुलाच्या एका बाजूने, त्याच्या डोळ्यांच्या थोडा वरून येऊ द्या. मुलगा पळत असेल तेव्हा नको. पुस्तक पाहत असेल, मातीत काही शोधत असेल, तेव्हा फार छान येतो.

नेत्रपल्लवी

मी डोळ्यांच्या तपासणीच्या क्षेत्रात आहे, म्हणून दोन गोष्टी सांगते. एक धीराची आणि एक काळजीची.

धीराची आधी. दोन-तीन मीटरवरून उडणाऱ्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या झोताने निरोगी मुलाच्या डोळ्याला इजा होत नाही. डोळे दिपतात, काही क्षण डाग तरंगतो आणि जातो. पण तेच काही क्षण महत्त्वाचे असतात. मूल घसरगुंडीच्या शिडीवर असेल, सायकलवर असेल, पायऱ्या उतरत असेल, तर समोरून फ्लॅश मारू नका. अंधारायला लागल्यावर बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात, दिपणं दुपारपेक्षा जास्त होतं आणि पाय चुकतो. अगदी चेहऱ्याला टेकवून फ्लॅश उडवू नये हे वेगळं सांगायला नको. आणि मुलाला झटके येण्याचा त्रास असेल तर एकापाठोपाठ एक झोत तर मुळीच नको.

आता काळजीची. झोपाळाताईंनी लाल डोळ्यांचा उल्लेख केलाय. बाहुली मोठी असते, फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असतो, उजेड सरळ आत जाऊन डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून परततो. तिथल्या रक्तामुळे तो लाल दिसतो. यात काळजीचं काही नाही. मात्र तुमच्या फोटोंत एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्यात पांढरी किंवा पिवळसर चमक दिसत असेल, तर जुने फोटो काढून बघा. कधीतरी एखाद्या तिरक्या कोनात निरोगी डोळ्यातही पांढरं दिसतं, कारण उजेड नेमका दृष्टीच्या नसेच्या टोकावरून परततो. पण त्याच डोळ्यात ते पुन्हा पुन्हा दिसलं, तर वाट न पाहता डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा आणि तो फोटो सोबत न्या. मोतीबिंदू लहान मुलांतही असतो. आणि रेटिनोब्लास्टोमा नावाचा डोळ्याचा कर्करोग बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतल्या मुलांत सापडतो. त्याची पहिली खूण अनेकदा आई-वडिलांना फ्लॅशच्या फोटोतच दिसते. वेळेत कळला तर जीव वाचतो, पुष्कळदा दृष्टीही वाचते.

म्हणून फोनमधलं लाल डोळे आपोआप पुसणारं सेटिंग मी स्वतः बंद ठेवते.

झोपाळा

नेत्रपल्लवी, तुमचा प्रतिसाद वाचून रात्री बसून मागच्या दोन वर्षांचे सगळे फोटो पाहिले. दोन्ही डोळे सारखेच लाल आहेत. जीव भांड्यात पडला. मनापासून धन्यवाद.

दोन_पोरांचा_बाप

सावलीवालांची तक्रार खरी आहे, मूल सावध होतं. माझ्याकडे त्यावर एक उपाय चालला. खेळ सुरू होण्याआधी फ्लॅश मुलांच्याच हातात दिला. मागचं टेस्टचं बटण दाखवलं आणि म्हटलं, हे दाबून माझ्यावर उजेड पाडा, माझ्या डोळ्यांत नाही, शर्टावर. पाच-सहा वेळा उडवून झाला आणि त्यांचं त्यातलं कुतूहल संपलं. नंतर तो उडाला तरी मान वळत नाही. धाकट्याला नको असेल तर तो हाताने डोळे झाकतो. त्या दिवशी फ्लॅश पिशवीत जातो, त्यावर चर्चा नाही.

मैदानात इतरांची मुलंही असतात. त्यांच्या आई-वडिलांना आधी विचारतो. फ्लॅश उडाला की सगळ्यांचं लक्ष जातं, तेव्हा विचारलेलं नसलं की मनं दुखावतात.

आणि स्टँड नको. मी एकदाच लावला होता, वाऱ्याच्या एका झोताने छत्रीसकट आडवा झाला. मुलं तिथून नुकतीच पुढे गेली होती म्हणून निभावलं. आता फ्लॅश माणसाच्या हातात असतो. थोरली धरते. ती धाकट्याबरोबर चालते, त्यामुळे अंतरही आपोआप सारखं राहतं.

झोपाळा

आज पिशवीतला फ्लॅश काढला. बाजूला उभी राहिले, मॅन्युअलवर आकाश आधी लावलं. पहिला फोटो मागच्या पडद्यावर पाहिला आणि मी तिथेच उभी राहिले. आकाश आहे! आणि लेक आहे!

पण दोन अडचणी आहेत. नंतर आणखी अंधारलं तेव्हा शटर १/१५ पर्यंत खाली आणलं. आता चेहरा स्पष्ट आहे, पण कानाच्या आणि केसांच्या कडेवर आकाश चढलंय, जणू कान पारदर्शक आहे. आणि दुसरं, रंग. आकाश निळं-जांभळं, मैदानातले दिवे पिवळे, आणि लेकीचा चेहरा या दोन्हींत न बसणारा, पांढरा, थंडगार. कापून चिकटवल्यासारखा.

उघडझाप

पहिली अडचण नीट समजून घ्या, कारण हालत्या मुलांच्या फोटोत ती नेहमी येते. फ्लॅश उडाला तेव्हा लेक जिथे होती तिथे ती गोठली. पण शटर सेकंदाचा पंधरावा भाग उघडं होतं आणि तेवढ्यात ती पुढे सरकली. तिने मोकळी केलेली जागा रिकामी नव्हती, तिथे उजळ आकाश होतं. ते कानाच्या कडेवर छापलं गेलं.

उपाय दोन. एक, शटर १/६० च्या खाली नेऊ नका, त्याऐवजी आयएसओ चढवा. मात्र आयएसओ चढवला की फ्लॅशही तितकाच चढतो, हे विसरायचं नाही. आयएसओ ४०० चा १६०० केलात तर फ्लॅश १/१६ वरून १/६४ वर आणावा लागेल. लोक इथे चुकतात आणि पुन्हा चुन्याचा चेहरा येतो. फ्लॅशची ताकद कमी केल्याचा एक फायदाही आहे. पूर्ण ताकदीला झोत साधारण सेकंदाचा हजारावा भाग टिकतो, कमी ताकदीला त्याहून पुष्कळच कमी, त्यामुळे हालचाल जास्त काटेकोर गोठते. अमेरिकी अभियंते हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९५७ मध्ये दुधाच्या थेंबाचा मुकुट टिपला तो कॅमेऱ्याच्या शटरच्या वेगावर नाही, अशाच क्षणिक झोतावर.

दोन, लेकीच्या मागे थेट आकाश येऊ देऊ नका. झाडांची काळी रांग तिच्या मागे येईल असं थोडं उंचावरून टिपा आणि आकाश वरच्या तिसऱ्या भागात राहू द्या. काळ्या पार्श्वभूमीतून काही छापलं जात नाही.

सावलीवाला

यावर कोणीतरी रिअर कर्टन सुचवेल, म्हणून आधीच लिहितो. त्यात फ्लॅश शटर बंद होताना उडतो आणि हालचालीची रेघ मुलाच्या मागे राहते, पुढे नाही. सायकलवर जाणाऱ्या मुलाला ते शोभतं. पण बऱ्याच कॅमेऱ्यांत टीटीएलवर (फ्लॅशची ताकद कॅमेराच मोजून ठरवतो तो मोड) असताना आधी मोजणीचा एक बारीक झोत उडतो, मग शटर उघडतं, आणि खरा झोत शेवटी. शटर लांब असेल तर या दोन्हींत वेळ जातो. मुलं पहिल्या झोताला डोळे मिटतात आणि दुसरा मिटलेल्या डोळ्यांवर पडतो. मी फ्लॅश वापरत नसलो तरी लोकांचे असे फोटो खूप निस्तरले आहेत.

उघडझाप

बरोबर. मॅन्युअल फ्लॅशला मोजणीचा झोत लागत नाही, म्हणूनही मी मुलांसाठी तोच धरतो. अंतर सारखं असेल तर त्याहून भरवशाचं काही नाही. पळापळ असेल आणि अंतर दर क्षणी बदलत असेल तर टीटीएल घ्यावा लागतो. तेव्हा फ्लॅशची भरपाई (कॅमेऱ्याने ठरवलेली ताकद कमी-जास्त करायचं सेटिंग) उणे एक ते उणे दीड स्टॉपवर ठेवा. मागे अंधार दिसला की टीटीएल घाबरतो आणि गरजेपेक्षा जास्त उजेड फेकतो.

कागदी_कंदील

रंगाचं मी सांगते, माझा हा जिव्हाळ्याचा विषय आहे. फ्लॅशचा रंग भर दुपारच्या उन्हासारखा असतो, साधारण ५५०० केल्विन (उजेडाचा रंग मोजायचं एकक, आकडा कमी तितका उजेड पिवळा). संध्याकाळी आजूबाजूला दुपार कुठेच नसते. सूर्य मावळण्याआधीचा उजेड पिवळा, मावळल्यानंतरचा निळा, जुन्या पद्धतीचे पिवळे दिवे ३००० केल्विनच्या आसपास. म्हणून चेहरा उपरा वाटतो.

फ्लॅशच्या काचेवर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक पट्टी, लावा. त्याचे पूर्ण, अर्धा, पाव असे प्रकार मिळतात. पूर्ण जेल फ्लॅशला पिवळ्या दिव्याच्या, ३२०० केल्विनच्या जवळ आणतो, अर्धा ३८०० च्या आसपास. मुलांसाठी मी अर्धा लावते. त्यात गालांचा रंग जिवंत राहतो आणि चेहरा आजूबाजूच्या उजेडातलाच वाटतो. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (कोणत्या रंगाचा उजेड पांढरा धरायचा ते सेटिंग) ४५०० च्या जवळपास बांधून ठेवा, ऑटोवर नको. ऑटो प्रत्येक फोटोला वेगळा रंग देतं आणि नंतर दोन फोटो शेजारी ठेवता येत नाहीत. चेहरा किंचित उबदार राहील, आकाश आणखी निळं होईल. जेल थोडा उजेड खातो, म्हणून फ्लॅश अर्ध्या-पाऊण स्टॉपने चढवावा लागतो.

आता मऊपणाबद्दल. फ्लॅशवर बसवायची ती पांढरी प्लॅस्टिकची टोपी उघड्यावर काही करत नाही. घरात ती चालते, कारण उजेड भिंतींवर आणि छतावर आदळून परत येतो. मैदानात छत नाही, तो उजेड परत येतच नाही, फक्त बॅटरी संपते. उजेड मऊ होतो तो दिवा मोठा झाल्याने, आणि मोठा म्हणजे मुलाच्या दृष्टीने मोठा, म्हणून जवळ. एक मीटरची पांढरी छत्री दीड-दोन मीटरवर असेल तर चेहऱ्यावर सावलीची कड दिसत नाही. छत्री नसेल तर धुतलेली पांढरी ओढणी दोन पदरी करून फ्लॅशपुढे हातभर अंतरावर ताणून धरा. फ्लॅशला चिकटवू नका, मग ती मोठी होत नाही आणि तापतेही. मैदानाजवळ पांढरी भिंत असेल तर फ्लॅश मुलाकडे नको, भिंतीकडे वळवा. रंगीत भिंत मात्र टाळा. हिरव्या भिंतीने एका मुलीचा चेहरा आजाऱ्यासारखा केला होता, तो मला दुरुस्त करता आला नाही.

अर्धाच_क्लिक

उघडझाप काका, अंधारात माझा फोकसच लागत नाही. लेन्स पुढेमागे करत बसते आणि तोवर पोर निघून जातं.

उघडझाप

मधला फोकस बिंदू वापरा, बहुतेक कॅमेऱ्यांत तोच अंधारात सगळ्यात तयार असतो. आणि चेहऱ्याच्या सपाट भागावर नको, कडेवर धरा, केस आणि कपाळ जिथे मिळतात तिथे. त्याला फरक लागतो. झोक्यासारखी जागा ठरलेली असेल तर दिवेलागणीआधीच तिथे फोकस लावून लेन्स मॅन्युअलवर टाका आणि एफ ४ ठेवा, मागेपुढे थोडी सूट मिळते. बऱ्याच वेगळ्या फ्लॅशच्या पुढच्या बाजूला लाल काच असते, तो कॅमेऱ्यावर बसवलेला असताना अंधारात फोकससाठी लाल नक्षी टाकतो. फ्लॅश हातात धरलात की ती मदत जाते, तेवढं लक्षात असू द्या.

जाता जाता दोन बारीकसारीक गोष्टी. लेन्सचा हूड (पुढची कडी) काढा, नाहीतर डोक्यावरच्या फ्लॅशने त्याची अर्धगोल सावली फोटोत खाली येते. आणि धूळ उडत असेल किंवा किडे असतील तर लेन्सजवळचा फ्लॅश त्यांनाच आधी उजळवतो, फोटोभर पांढरी वर्तुळं येतात. फ्लॅश बाजूला नेला की तीही जातात आणि लाल डोळेही.

झोपाळा

चार दिवस लागले, पण आज जमलं. ज्यांना आकडे हवे असतील त्यांच्यासाठी लिहिते.

बहीण झोक्याच्या पुढच्या बाजूला, लेकीपासून दोनेक मीटरवर, हातात फ्लॅश घेऊन. पुढे दोन पदरी पांढरी ओढणी, काचेवर अर्धा नारिंगी जेल. मी झोक्याच्या बाजूला, साधारण तीन मीटरवर, एका दगडावर चढून, म्हणजे मागे झाडं आली आणि आकाश वर राहिलं. सूर्य मावळल्यावर दहाएक मिनिटांनी आयएसओ ४००, एफ २.८, १/१२५, फ्लॅश १/१६. मग दर तीन-चार मिनिटांनी फ्लॅश बंद करून आकाश पुन्हा तपासलं. शेवटचे फोटो आयएसओ १६००, १/६०, फ्लॅश १/६४. त्याच्यापुढे गेले नाही.

सावलीवाला, पहिली दहा मिनिटं मी फ्लॅश लावलाच नाही. लेकीला पश्चिमेकडे तोंड करून मातीत बसू दिलं. त्यातला एक फोटो आज काढलेल्या सगळ्यांत मला सगळ्यात जास्त आवडतो, हे तुम्हाला सांगायचं होतं.

आणि झोक्याचा मिळाला. टोकाला झोका थांबतो त्या क्षणाचा. पाय ताणलेले, मान मागे, तोंड उघडं, खालचा एक दात पडलाय ती फट दिसतेय. चपलांचे तळवे तळव्यांच्याच रंगाचे आहेत, मातीसकट. केसांच्या कडेला आकाशाची निळी रेघ आहे, कान पारदर्शक नाही. तिला दाखवला तर ती म्हणाली, आई, मावशीला सांग अजून थोडं उजेड कर, मला माझी कोपराची जखम दिसत नाहीये.

कागदी_कंदील

ताई, फोटो इथे टाकणार असाल तर आधी त्यातली जागेची माहिती काढून टाका. फोनमधून टाकताना ती फोटोसोबत जाऊ शकते. मैदान रोजचं आहे ना.

झोपाळा

काढली. इथे टाकत नाही आहे तरीही, मोठा छापून भिंतीवर लावतेय. उद्या जखमेच्या बाजूने काढायचाय, म्हणजे बहिणीला पलीकडे उभं राहावं लागेल आणि तिकडे खड्डा आहे. उजेड असतानाच जाऊन जागा बघून येते.